फुलीच्या बोटभर वर

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर जमा झालेली हत्यारं आमच्या तुळजापूरच्या कचेरीत कुलपात असायची. मी तिथला कारकून. वर्षातून एकदा त्यांना तेल द्यायला जळकोटचा म्हातारा लोहार यायचा. बाकीच्या बंदुका तो भराभर पुसायचा. विलायती नमुना बघून त्यानंच एका जहागीरदारासाठी घडवलेलं सहाबारी पिस्तूल मात्र शेवटी घ्यायचा, आणि ऊन कलेपर्यंत खाली ठेवायचा नाही.

एकदा नव्या साहेबांनी विचारलं, "चालतं का हे अजून?"

त्यानं मोजून दारू भरली, गोळी ठासली, ठिणगीची टोपी बसवली. बाभळीवर खडूची फुली काढून वीस पावलांवरून बार काढला. धूर विरला तेव्हा फुलीच्या बोटभर वर भोक होतं.

"जरा वर मारतंय," तो पुटपुटला. "नेम धरायची नळीवरची माशी उंच करायची तवाच राह्यली. साहेब, एक दिस घरी न्हेऊ का?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. त्यानं गरम पाण्यानं पिस्तूल धुतलं, तेल दिलं आणि स्वतःच कुलपात ठेवलं.

"हात धुवा बाबा, चहा घ्या," मी म्हणालो.

"घरी धुईन की."

पिस्तूल धुताना दारूच्या काजळीनं काळा झालेला उजवा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला, आणि कप डाव्या हातानं घेतला.