दाखवायचं घर

गावात घरकुलांची तपासणी आली की गाडी आमच्याच दारात थांबते. आमचं घर मुरुम गावाकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून आहे आणि पूर्ण झालेलं आहे, एवढंच त्याचं कर्तृत्व. ओढ्यापलीकडच्या घरकुलांचे हप्ते अडकलेत, त्यामुळं ती नुसत्या भिंतींवर थांबलीत. तिकडं गाडी जात नाही आणि साहेब लोक चालत नाहीत. दरवेळी ग्रामसेवक अंगणात खुर्च्या मांडायचे, साहेब विचारायचे, "राहायला कसं वाटतं?" आणि आमचे आबा म्हणायचे, "लई चांगलं हाय, साहेब."

आबा गेले त्याच आठवड्यात पुन्हा गाडी आली. आमची चूल बंद होती. ओढ्यापलीकडच्या काकू आमच्यासाठी पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. ग्रामसेवकांनी मला हळूच आबांच्या खुर्चीत बसवलं. मला त्याचा रागसुद्धा आला नाही. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी दाराकडं बघितलं.

तेव्हा दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "लई चांगलं हाय, साहेब."

काकूंच्या घराच्या भिंतींवर अजून ताडपत्रीच आहे. साहेबांनी मान डोलावली. काकूंना आमच्या चौकटीत नीट उभं केलं, पदर सारखा करायला सांगितलं आणि घरासकट त्यांचा फोटो काढून घेतला.

गाडी गेल्यावर काकूंनी माझ्यापुढं ताट सरकवलं.

"खा आता, बाळा. त्यांचं झालं."