आप्पांचा संशय आणि तांदळाएवढे दिवे

प्रत्येक ऑफिसात किस्से हळूहळू साठत जातात म्हणे. आमच्याकडं साठायची वाट बघावी लागत नाही, आप्पा रोज ताजे पुरवतात!

बेळगावात आम्ही इमारतींची छोटी मॉडेलं करतो. खिडकीत तांदळाएवढा दिवा, रस्त्यावर काडीएवढा खांब. बटण दाबलं की सगळी कॉलनी उजळते. आप्पा मालक. त्यांचा विश्वास फक्त बायकोवर, म्हणजे आक्कांवर, आणि तोही दुपारपर्यंत!

आक्कांचं मागणं एकच. लग्नापासून सगळी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, आता स्वतःचं घर पाहिजे. आप्पांचं उत्तरही एकच, "बिल्डरचा काय भरोसा न्हाय गं!"

*

दिव्यांचं पाकीट घेताना आप्पा दुकानातच एकेक दिवा पेटवून बघतात. दुकानदार एकदा वैतागला. "आप्पा, शंभरात एखादा जाणारच की!"

"व्हय, पण तो मलाच द्यायचं का ठरवलायस?"

*

खोक्यात वायरी आणि बॅटरी बघून कुरियरवाला पार्सल घेईना. आप्पांनी बटण दाबून दाखवलं. घराघरांत दिवे लागले. बाहेर तिन्हीसांज झालेली, त्यानं सवयीनं हात जोडले.

आप्पांनी मला बाजूला ओढलं. "हात का जोडले रं त्यानं? काय तरी मागणार बघ!"

*

नंदगडच्या एका गिऱ्हाइकानं आपल्या गल्लीचं मॉडेल करून घेतलं. बघून म्हणाला, "खांबावरचा दिवा लगेच लागतोय. आमच्यात आधी फडफडतोय."

हा पैसे कापायला निमित्त शोधतोय, असं आप्पांना वाटलं. तरी खपून त्यांनी फडफडणारा दिवा केला. गिऱ्हाइकानं बटण दाबलं, दिवा फडफडला, आणि गड्यानं गल्लीतल्या सवयीनं खांबाला सणसणीत टिचकी हाणली! खांब आडवा!

"बघितलंस?" आप्पा म्हणाले, "मुद्दाम केलं!"

*

आक्कांनी अबोला धरला तेव्हा कुठं आप्पा त्यांना घेऊन फ्लॅट बघायला निघाले. साक्षीदार म्हणून मलाही नेलं. आत शिरताच आप्पा भिंती ठोकून बघायला लागले.

"पोकळ वाजतंय! भिंतच खोटी हाय!"

"आप्पा, ते दार हाय."

मी हसलो, पण आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी भाड्याच्या घरातच मरायची काय वो?" आप्पांना ते फार लागलं.

*

पुढच्या साईटच्या ऑफिसात आमचंच मॉडेल मांडलेलं होतं. आप्पांनी कौतुकानं बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसली. सेल्समन म्हणाला, "दिवा लागला की फ्लॅट बुक झाला समजायचं," आणि त्यानं बटण दाबलं. सगळी बिल्डिंग झगमगली. दोनच खिडक्या अंधारात.

आप्पांचा चेहरा उतरला. आक्कांच्या कानाशी लागून म्हणाले, "दोनच राहिल्यात गं! एवढी माणसं काय येडी हाईत? काढ चेकबुक!"

आक्कांनी पर्स उघडली. मॉडेलकडं बघितलं. मग पर्स मिटली.

"आवं, हितं पाया बी खणला नव्हता, तवाच हे दिवे तुमी बसवल्यात न्हवं?"