तीन मिनिटांचा डावखुरा

बायपासच्या आदल्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात सर्जन म्हणाले, "काका, दुकानात उभं राहून राहून तुमच्या पायांच्या शिरा फुगल्यात, त्या कामाच्या नाहीत. एक नस छातीतली घेऊ आणि एक डाव्या हातातली." माझं उरलंसुरलं धैर्य तिथंच संपलं. आम्ही वीरशैव. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन मी पूजा करतो. देवाचं आसनच कापायचं? उद्या हात बधिर झाला आणि लिंग खाली पडलं तर? जीव वाचवावा की पूजा, काही सुचेना. डावाच का, असं विचारलं तर म्हणाले, "ज्या हातानं कामं करत नाही, तो घेतो." मी ताबडतोब म्हणालो, "मग उजवा घ्या. मी डावखुरा आहे."

त्यांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. मी डाव्या हातानं केलेली सही चिरडलेल्या झुरळासारखी दिसत होती. शेजारी माझी बायको. ती अहमदपूरची; खरं बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. "कामून खोटं बोलायलात हो? डाक्टरसाहेब, ह्यांनी डाव्या हातानं कधी कान बी खाजवला न्हाई!"

शरमेनं मान खाली घालून मी खरं कारण सांगितलं. सर्जन हसले नाहीत. त्यांनी डाव्या मनगटावरच्या दोन्ही नसा दाबल्या, मूठ आवळायला-सोडायला लावली. तळहात पांढरा पडला. मग करंगळीकडची नस सोडली. अंगठ्याकडची काढून घेतल्यावर ती एकटी रक्त पुरवू शकणार असेल, तर तळहात लाल होतो म्हणे. मी 'ॐ नमः शिवाय' पुटपुटत बघत राहिलो. तळहात पांढराच! उजवा मात्र लगेच गुलाबी झाला. "डाव्यातली नस घेतली असती तर पंजाच धोक्यात आला असता. उजव्यातली घेऊ." मला रडू फुटलं. ही तपासणी ते सगळ्यांचीच करतात. माझ्या खोट्याची तिथं काडीची गरज नव्हती.

ऑपरेशननंतर वॉर्डात पहिली पूजा करायला बसलो. डाव्या तळहातावर लिंग, आणि उजवा कोपरापर्यंत पट्ट्यांत. बेल कुणी वाहायचा? दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नसतो, म्हणून बायकोनं स्पर्श न करता वरून अलगद पान सोडलं. "खोटं बोलताना उजव्याचा इचार केला न्हाई वाटतं," ती म्हणाली. मी हसलो, छातीचे टाके ओढले गेले, डोळे भरून आले. इतकी वर्षं वाटायचं, देवाला मी जपतो. त्यानंच मला जपलं, माझ्या खोट्यासकट.