आठ मिलिग्रॅम

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं ब्राउन शुगर ओढत होता. हे असं सरळ लिहिलेलं आमच्या समाजात कुणाला आवडणार नाही. तिथे आजही "मधे त्याची तब्येत बरी नव्हती" असंच म्हणतात. पण तब्येतीवर ढकललं की पुढे त्याने काय केलं ते सांगता येत नाही, आणि मला तेच सांगायचं आहे.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. घरात मराठी, पण दोन वाक्यांत एकदा कन्नड येतंच. वडील कटिंग मास्टर होते. दुकान भावाने चालवलं आणि मी बेळगोळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. भाग आला की मायक्रोमीटर लावायचा, आकडा लिहायचा, मापात बसत नसेल तर लॉट परत पाठवायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. बायको म्हणते, तुम्ही इडलीच्या पिठालाही शेरा द्याल.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. कुवेंपुनगरात आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहतो. कापडावर खडू न लावता कोट बेतणारा माणूस मी तो एकच पाहिला. नशा त्याला कुणी लावली, कशी लावली, यात मी पुष्कळ वेळ घालवला. त्यातून काही निघालं नाही. दोनदा आम्ही त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, दोन्ही वेळा तीस तीस दिवस. पहिल्यांदा परत आल्यावर तो नऊ दिवस टिकला, दुसऱ्यांदा एक्केचाळीस. मी बत्तीस दिवसांची प्रगती झाली असं म्हणालो होतो. तेव्हा घरात कुणी हसलं नाही.

तिसऱ्या वेळी नजरबादच्या बाजूला असलेल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी वेगळा उपचार सुचवला. रोज सकाळी जिभेखाली गोळ्या ठेवायच्या, विरघळेपर्यंत दहा मिनिटं गिळायचं नाही, बोलायचं नाही. गोळीने तलफ दबते, अंग मोडून येत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. त्याला लागू पडलेलं माप होतं आठ मिलिग्रॅम, म्हणजे दोनच्या चार गोळ्या. दोन आठवड्यांच्या गोळ्या घरच्या एका जबाबदार माणसाच्या हातात द्यायच्या, त्याने रोज समोर बसून द्यायच्या आणि दवाखान्याच्या कार्डावर आकडा लिहून सही करायची. तो माणूस अर्थातच मी.

सात महिने हे बिनचूक चाललं. रोज सहा चाळीसला तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, मी चार गोळ्या द्यायचो, घड्याळ बघायचो. मग तो दुकानात जायचा. हात स्थिर झाले, वजन सहा किलो वाढलं. जुनी गिऱ्हाइकं परत येऊ लागली. आई म्हणायची, पोरगा परत पोरासारखा दिसतो.

इथे मी चूक केली.

आमच्या विठ्ठल मंदिरात दरवर्षी नामसप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोन दोन तासांचे पहारे, एकूण चौऱ्याऐंशी. बारा ते दोनचा पहारा आमच्या वडिलांचा होता. ते गेल्यापासून तो दुसऱ्यांकडे होता. वीणा घेणाऱ्याच्या गळ्यात माळ हवी आणि त्याला कसलंही व्यसन नको, हा नियम. मंदिराचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, मला एकदा वाटेत भेटले आणि म्हणाले की भावाचं चांगलं चाललंय असं ऐकतो, वडिलांचा पहारा त्याला द्यावा असं मनात आहे. एवढंच म्हणाले. गोळ्यांबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. मीच छाती काढून म्हणालो, "सप्ताहापर्यंत तो काहीसुद्धा घेत नसेल, काका. अगदी शून्य."

सप्ताहाला चाळीस दिवस होते. मी घरी येऊन हिशेब मांडला. दर पाच दिवसांनी एक मिलिग्रॅम कमी. पहिले पाच दिवस सात, मग सहा, मग पाच, आणि शेवटचे पाच दिवस काहीच नाही. आकडेमोड अगदी बरोबर होती. डॉक्टरबाईंना विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. भावाला विचारलं. तो म्हणाला, "तू म्हणतोस तर आयतु, अण्णा." आयतु म्हणजे ठीक आहे. वडिलांच्या पहाऱ्याचं नाव काढल्यावर तो दुसरं काय म्हणणार होता?

गोळी मी ब्लेडने अर्धी करायचो. दवाखान्याच्या कार्डावर आठ लिहायचो आणि खरा आकडा माझ्या वहीत. खोटं मोजमाप लिहिणाऱ्या दोन माणसांना मी कारखान्यात ताकीद दिली होती, त्यांतल्या एकाची बढती माझ्या शेऱ्यावरून थांबली होती. आणि मी रोज सकाळी खोटा आकडा लिहून खाली सही करत होतो. मला ते खोटं वाटतही नव्हतं. सप्ताहानंतर सगळं सांगून टाकू, डॉक्टरबाई शाबासकी देतील, असं वाटत होतं.

पाचावर आला तेव्हा तो जांभया द्यायला लागला. नाक गळायचं, तो पडसं म्हणायचा. मीही पडसंच म्हणायचो. चारावर आला आणि त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी कापली गेली. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं की याचे डोळे पुन्हा तसे का दिसतात. मी तिला म्हणालो की काम जास्त आहे.

अठराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्यात माझ्यासाठी फोन आला.

"अण्णा, मी दवाखान्यात बसलोय," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंना सांगितलंय. तू वही घेऊन ये. उरलेल्या गोळ्या पण आण."

काय सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आकडा."

मी अर्धी रजा टाकून आधी घरी आणि मग नजरबादला गेलो. तासभर लागला. भाऊ बाकावर बसला होता, अंगावर काटा आलेला, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. सकाळी दुकान उघडून, दुपारी एकला, तो ज्या गल्लीत पूर्वी माल घ्यायचा तिथे गेला होता. विकणारा समोर होता, ओळखीचं हसलाही. भाऊ त्याच्यासमोरून चालत पुढच्या स्टॉपपर्यंत गेला आणि पहिली सिटी बस आली ती पकडून इथे आला. वाटेत एकदा बस बदलावी लागली, तिथे पंचवीस मिनिटं उभा होता. ती पंचवीस मिनिटं कशी काढली ते त्याने मला कधीच सांगितलेलं नाही.

डॉक्टरबाईंच्या खोलीत मी टेबलावर कार्ड, वही आणि गोळ्यांची डबी ठेवली. त्यांनी पुढच्या दिवसांच्या गोळ्या बाजूला काढून जास्तीच्या मोजल्या. एकवीस. वहीतल्या फरकाची बेरीज बेचाळीस मिलिग्रॅम, म्हणजे एकवीसच. निदान तो मेळ बसला होता. त्या कन्नडमध्ये, आवाज न चढवता बोलल्या, आणि त्यांनी सांगितलं ते मी तोपर्यंत कधी मांडलंच नव्हतं. गोळी कमी झाली की शरीराची सवय उतरते. अशा वेळी तो परत गेला आणि जुन्या मापाने ओढलं, तर श्वास बंद पडू शकतो. पहिल्या दोन वेळांना तो वाचला हे नशीब. तुम्ही त्याला शून्याकडे नेत नव्हता, त्या म्हणाल्या, त्या गल्लीकडे नेत होता.

मग भाऊ बोलला.

"अण्णा, मला चार पुरत नाहीत. मला आठ लागतात. वीणेसाठी मी हो म्हणालो, ती माझी चूक. पण मला जिवंत राहायचंय, आणि आठवर मी राहतो. तुला लाज वाटली तरी आठच."

आमच्या घरात धाकटा भाऊ मोठ्याला असं बोलत नाही. त्याने जन्मात माझा शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि मी त्याचाच फायदा घेतला होता. मी म्हणालो, "आठच."

डॉक्टरबाईंनी माझा सहीचा अधिकार काढून घेतला. पुढचे तीस दिवस भावाने रोज स्वतः येऊन खिडकीपाशी गोळी घ्यायची. माझा लॉट नापास झाला होता आणि शेरा योग्य होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला की काकांकडे जाऊ. मी म्हणालो, मी एकटा जाऊन सांगतो की त्याला जमणार नाही. "जमणार नाही असं कशाला? खरं सांगू," तो म्हणाला. काकांच्या ओसरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. अकरा वर्षं, दोन केंद्रं, आठ मिलिग्रॅम, गल्ली. काका चांगला माणूस. ते बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले. मग हळू आवाजात म्हणाले की गोळी म्हणजे औषधच की, आपल्या तिघांतच राहू दे, तू वीणा घेऊन उभा राहा, मंदिराच्या पंचांना सांगायची गरज नाही.

मला तो तोडगा पटला होता. मी मान हलवायच्या बेतात होतो.

भाऊ म्हणाला, "नको, काका. अकरा वर्षं लपवलंच की. पंचांना सांगा. ते हो म्हणाले तर उभा राहतो, नाही म्हणाले तर नाही."

पाच पंच होते. काकांसह दोन हो म्हणाले, तीन नाही. मनाला येईल तसं त्यांनी ठरवलं असं मी म्हणणार नाही. नियम जुना आहे आणि गोळीचा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला होता. भावाला निकाल सांगितला तेव्हा तो मशीनवर होता. त्याने पाय थांबवला, "आयतु" म्हणाला आणि शिवण पुरी केली. जेवताना बायकोने त्याला चिडवलं, "भावजी, बरं झालं. दोन तास न बोलता उभं राहायचं तुम्हाला जमलं नसतं." तो म्हणाला, "वहिनी, रोज दहा मिनिटं गप्प बसायची प्रॅक्टिस आहे मला." बऱ्याच दिवसांनी आई हसली.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी बारा वाजता मी मंदिरात होतो. वडिलांच्या वेळेला दुसऱ्याच्या गळ्यात वीणा बघणं मला सोपं गेलं नाही. भाऊ त्या वेळी दुकानात होता. सकाळी आठला दवाखान्याच्या खिडकीपाशी जाऊन आला होता. प्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आमच्या एका लांबच्या नातेवाइकाने विचारलं की धाकटा उभा राहणार असं ऐकलं होतं, काय झालं, तब्येत बरी नाही का?

इतकी वर्षं या प्रश्नाला मी "हो, जरा" असं उत्तर देत आलो होतो.

"तब्येत चांगली आहे," मी म्हणालो. "तो ब्राउन शुगर ओढायचा. ती सोडण्यासाठी रोज गोळी घेतो. त्याने ते स्वतःहून पंचांना सांगितलं, म्हणून उभा नाही."

माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण समोरच्या पंगतीतले दोघे वाढणाऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. नातेवाइकाने कोशिंबिरीकडे बघितलं. मला मात्र लाज वाटली नाही. मुलगा बोर्डात आलेल्या बापाला कसं वाटत असेल, तसं काहीतरी वाटलं. मी अजून एकदा भात घेतला.

तीस दिवस संपल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं की आता घरी गोळी कुणाच्या हातून घेणार. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. त्याने सांगितलं की आईला बारीक दिसत नाही, वहिनीला दया फार, अण्णाच बरा. डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, "आता चुकणार नाही तो. मी आकडा तपासतो."

आणि तो खरंच तपासतो. मी आकडा लिहिला की कार्ड त्याच्याकडे जातं, तो वाचतो, मग मी सही करतो. आज या गोष्टीला सहा वर्षं झाली. डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने, त्याला झेपेल तसं माप हळूहळू उतरलं. सध्या चार आहे. मधे एकदा त्यानेच जाऊन चाराचं पाच करून घेतलं होतं आणि आठ महिने पाचावर राहिला. तेव्हा मी कार्डावर पाच लिहून सही केली. या सहा वर्षांत त्याने एकदाही ओढलेलं नाही. दुकानात आता दोन मशीन वाढली आहेत.

काका दरवर्षी सप्ताहाच्या आधी पंचांसमोर हा विषय काढतात. गेल्या वर्षी तीन हो होते, दोन नाही; पण जे दोन नाही म्हणाले त्यांनाही पटल्याशिवाय उभं राहायचं नाही असं भावाने कळवलं. मला वाटलं होतं, झालं की बहुमत. त्याचं म्हणणं वेगळं पडलं आणि ते मी मानलं.

परवा सकाळी आईने त्याला विचारलं की या गोळ्या कधी बंद होणार रे. त्याच्या जिभेखाली गोळी होती, म्हणून त्याने हाताने थांब अशी खूण केली. आई टेबलाशी बसून राहिली, मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाल्यावर त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "बंद कधी होणार ते माहीत नाही, आई. उद्या घेणार, एवढं नक्की." मग त्याने तिच्या हातातली किल्ली घेतली आणि दुकान उघडायला गेला.