चौथ्याच्या वरचा गिअर

आईला गाडीत बोलायला फार आवडायचं. धारवाडच्या घराचं फाटक मागे पडलं की ती सुरू व्हायची आणि हुबळीत मावशीचं दार येईपर्यंत तिची एकही गोष्ट पुरी व्हायची नाही, कारण मध्येमध्ये तिला "अहो, हळू" म्हणावं लागे. माझे वडील, म्हणजे अप्पा, वकील होते आणि गाडी मात्र फरारी आरोपीसारखी हाकायचे. 'हळू' ऐकलं की त्यांचं डोकं फिरे. "तुला बैलगाडी जोडून देऊ का?" असं विचारून ते वेग होता तोच ठेवत. दर रविवारी हे भांडण ठरलेलं असे आणि मागच्या सीटवर बसून मी त्याची वाटच बघायची.

गाडी जुनी, विलायती. दिसायला देखणी, पण गिअर चारच, आणि चौथ्यातही जरा वेग घेतला की इंजिन असं किंचाळायचं की माझंच बोलणं मला ऐकू येत नसे. आईचा आवाज मात्र त्याच्याही वर चढायचा.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. मागे राहिली ती नुसती कुजबुज. घरात आम्ही तिच्याजवळ जाऊन ऐकायला शिकलो. गाडीत ते जमेना. ती काही म्हणायची, अप्पा ओरडून "काय?" विचारायचे, ती पुन्हा म्हणायची, ते पुन्हा विचारायचे, आणि मग ती 'जाऊ दे' असा हात करून खिडकीबाहेर बघत बसायची. एका रविवारी ती निघायच्या वेळी म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी मुकी येऊन तरी काय करू?" अप्पाही गेले नाहीत. बाहेरचे कपडे न बदलता तसेच व्हरांड्यात बसून राहिले. ही आता बोलायचंच सोडून देईल, अशी त्यांना भीती वाटत होती. मलाही तीच वाटत होती.

दुसऱ्या कुणी गाडी सावकाश चालवली असती आणि प्रश्न मिटवला असता. अप्पांना ते सुचणं शक्य नव्हतं. त्यांनी इंग्लंडमधल्या आत्याकडून ओव्हरड्राइव्ह नावाचं यंत्र मागवलं. लाकडी खोक्यात भुशात बसून ते आलं. हे गिअरबॉक्सच्या मागे बसतं, म्हणजे चौथ्याच्या वर आणखी एक गिअर मिळतो. बटण दाबलं की चाकं तेवढीच पळतात, पण इंजिन दमानं फिरतं आणि त्याचा गोंगाट उतरतो. आईला त्यांनी "पेट्रोल कमी लागतं" एवढंच सांगितलं. इतका खोटारडा वकील मी दुसरा पाहिला नाही.

हुबळीच्या कमरीपेठेतला मिस्त्री वर्षानुवर्षं आमची गाडी बघायचा. असलं यंत्र त्यानेही पाहिलं नव्हतं, पण हात आवडीनं घातला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लेथवर नेऊन आखूड करून आणला, पायाखालचा पत्रा ठोकून जागा केली. हे सगळं कशासाठी, ते अप्पांनी त्याला कन्नडमध्ये समजावलं: "गाडी मेल्लक होगबेकु. इवर मात केळबेकु."

तिथंच घोळ झाला. मेल्लक म्हणजे आपलं हळूच. आवाज न करताही हळू आणि सावकाशही हळू. आणि केळणं म्हणजे ऐकणं, कानाने ऐकणंही आणि शब्द पाळणंही. अप्पांना म्हणायचं होतं, गाडीचा आवाज हळू व्हावा, हिचं बोलणं ऐकू यावं. मिस्त्रीला वाटलं, गाडी सावकाश जावी, बाईंचं ऐकावं. त्याने आमच्या दारात आईचं 'हळू, हळू' इतक्या वेळा ऐकलं होतं की वकिलांना अखेर अक्कल आली असं त्याच्या मनानं घेतलं. ओव्हरड्राइव्ह तर त्याने नीट बसवलाच, वर आपल्या मनाने अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली रबराचा एक ठोकळाही ठोकून दिला.

आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. अप्पा पेडल दाबतायत आणि गाडी काही पळायला तयार नाही. गावाबाहेर पडायच्या आत भाजीचा टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. अप्पा तणतणत परत कमरीपेठेत आले.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "नीवं हेळिद्रल्लरि, अक्कार मात केळबेकंत." तुम्हीच म्हणालात ना, अक्कांचं ऐकायचं म्हणून.

आई हसायला लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशननंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो ठोकळा आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावावा असं मला वाटलं. अप्पांनी तो उपटून फेकला.

मग धारवाडच्या वाटेवर उणकलचा तलाव मागे पडला, रस्ता मोकळा झाला. अप्पांनी वेग घेतला. इंजिन नेहमीसारखं किंचाळायला लागलं आणि त्यांनी बटण दाबलं. किंचाळणं एकदम खाली बसलं. खिडकीतला वारा ऐकू यायला लागला, आईच्या बांगड्या ऐकू आल्या. तिने चमकून अप्पांकडे पाहिलं. तिला पेट्रोलची थाप कळली असावी. नवलूरच्या पेरूवाल्या दिसायला लागेपर्यंत ती गप्पच होती.

मग ती म्हणाली, "अहो, हळू."

कुजबुजच होती, पण मला मागे शब्दन् शब्द ऐकू आला.

"काय गं?" अप्पा म्हणाले.

"हळू म्हटलं."

"काय म्हणायलीस? ऐकू नाही आलं."

"अहो, हळू चालवा की," ती म्हणाली, आणि या वेळी थोडी चिडून म्हणाली.

अप्पांनी पुन्हा पुन्हा का विचारलं ते मला मागून दिसत होतं. वेगाचा काटा तर तिच्या पहिल्या 'हळू'लाच खाली यायला लागला होता.