मायची काचेची मूठ

मेडशीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा कोंबला. शेतमजुरांच्या मजुरीवाढीची, बाबांच्या संघटनेची पत्रकं. आमच्या घरात ती पुस्तकांच्या आधी आली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. प्रत्येकावर उगारलेली मूठ छापलेली असायची. माय खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "काचेचं काम हाये, जपून राह्य. कापलं तं हयद लाव."

बडोद्याला मी माणसाचे अवयव काचेत ओतायला शिकणार होते. गावात हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं होतं.

मला शिकवणाऱ्या नसीमआपांची कार्यशाळा म्हणजे पत्र्याची शेड, दोन भट्ट्या आणि फळ्यांवर काचेचे कान, टाचा, गुडघे. आपा साचा घ्यायच्या तो हमालाच्या खांद्याचा, धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांचा. चिरलेली टाच गुळगुळीत करायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. पत्रकांत आम्ही जे ओरडून सांगायचो ते ही बाई न बोलता करत होती.

पोळ्याला घरी आले ती मायची मूठ न्यायला. दाताचं माप घ्यायची पावडर बादलीत कालवली आणि मायला त्यात हात बुडवायला सांगितलं. माय हसली. "देवीले चांदीचा हात वाह्यतात, तसा हाये का हा? त्याच्याइरुद्ध तं तू पत्रक काढलं व्हतं!"

"देवीले नाही माय, लोकायले दाखवाले. मूठ घट्ट मिट."

"इतकीच मिटते, बाई. इळ्याची मूठ राह्यते ना मंधात."

पावडरीचा लगदा घट्ट झाल्यावर तिनं हात अलगद ओढून घेतला. उरलेल्या पोकळीत मी मेण ओतलं. मेणाचा हात बाहेर आला, पण मूठ अर्धवटच. बोटं आणि तळव्यामध्ये फट. पत्रकावरच्या मुठीला अशी फट नसते. मी सुरी गरम केली, बोटं आत दाबली आणि फट मेणानं बुजवून टाकली. मग बाबांच्या पत्रकांत गुंडाळून ती मूठ बडोद्याला नेली.

तिथं मेणावर प्लास्टरचा साचा चढवला, वाफेनं मेण काढलं, रिकाम्या जागेत काचेचे तुकडे भरून भट्टी पेटवली. काच वितळते लवकर, निवायला मात्र दिवस लागतात. आपांनी सहा सांगितले होते. मी तिसऱ्याच दिवशी दार उघडलं. टण्ण असा आवाज झाला आणि मनगटापासून करंगळीपर्यंत तडा गेला.

आपा रागावल्या नाहीत. त्यांनी तुकडे हातात घेतले, मिटलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दरार तो जल्दबाज़ी की है. पर ये मुट्ठी किसकी है? तेरी अम्मा की तो नहीं लगती."

माणसाच्या बाजूनं बोलायचं म्हणत मी माझ्याच मायचा हात दुरुस्त केला होता. साचाही फुटला होता, मेणही गेलं होतं. मायला पुन्हा हात मागायची लाज वाटत होती. तिकडे सोयाबीनची सोंगणी चालू होती, मायच्या हातात दिवसभर विळा. तरी फोन केला, फट बुजवल्याचंही सांगितलं.

माय म्हणाली, "हात तं इथंच हाये, कुठं पयते? सोंगणी होऊ दे, मंग ये. आन् या खेपी जसा हाये तसा ने."

दिवाळीनंतर तो तसाच नेला. सहाव्या दिवशी आपांनी मलाच भट्टी उघडायला लावली. काच निवली होती. तर्जनीवरची जुनी चीर, जाड झालेली पेरं, आणि मध्ये ती फट, आरपार उजेड दाखवणारी. इतकी वर्षं मी मुठीची चित्रं वाटली, पण कामानं घडलेली मूठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की आता मी मेडशी म्हणत नाही, बडोदाही म्हणत नाही. माझ्या टेबलावरची ती मूठ दाखवते. पत्रक लिहिता लिहिता थांबले की त्या फटीत मी बोट घालते. विळ्याच्या दांड्याएवढी जागा आहे. माझं बोट तिथं अजून सैल बसतं.