सोसायटीच्या पार्कातली बोलीट

नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या पार्कात निलगिरीची काही झाडं होती. झडीचा पाऊस उघडल्यावर एका सकाळी त्यांच्या बुंध्याशी मला तपकिरी, जाडजूड छत्र्या दिसल्या. एक उलटी करून पाहिली. खाली नेहमीच्या अळंबीसारखे पडदे नव्हते, स्पंजासारखी बारीक छिद्रं होती. बोलीट! नागपूरला एमएस्सीला बुरशी हाच माझा विषय होता, पण बोलीट मी फक्त चित्रांत पाहिलं होतं. आता सरकारी नोकरीत फायली वाचते.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, प्लीज कोई हाथ न लगाए. मग एक घरी आणून कापलं. पिवळसर गर बघता बघता निळा पडला.

"मम्मा, हे सडलं?" मुलीनं विचारलं.

"नाही गं, काही बोलीट कापली की निळी पडतात."

माझं ज्ञान तिथंच संपलं. माझ्या जुन्या पुस्तकात बहुतेक बोलीट एकाच मोठ्या प्रजातीत कोंबलेली. नेटवर पाहिलं, तर डीएनए तपासून त्या प्रजातीची शकलं केलेली. छिद्रांऐवजी पडदे असलेल्या काही छत्र्याही याच कुळातल्या निघालेल्या! पाठ केलेलं सगळं वाया. अभ्यासकांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. उत्तर आलं, आधी बीजाणूंचा रंग सांगा.

म्हणून दुसरी छत्री आणून ती ओट्यावर पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाडगं झाकलं. रात्रभरात बीजाणू झडून त्यांचा रंग कागदावर उमटतो. सकाळी पाहते तर ओटा लख्ख.

"अळ्या होत्या यार त्यात. फेकलं मी," नवरा म्हणाला.

"विचारायचं तरी!"

"अळ्या फेकायला काय विचारायचं?"

तशीच पार्कात गेले. निलगिरीखालची माती उकरलेली, वर चुना टाकलेला. सोसायटीचे सेक्रेटरी तिथंच उभे होते.

"ये किसने निकलवाया?"

"मैंने, मॅडम. ज़हरीला था. बच्चे खेलते हैं यहाँ."

"ज़हरीला किसने कहा?"

"आपने ही तो लिखा था, कोई हाथ न लगाए."

रागाच्या भरात जे सुचलं ते नेमकं नको ते. म्हटलं, ऊपर से निकालने से क्या होगा, असली फंगस तो पेड़ की जड़ों में है, फिर आएगा.

"अच्छा?" ते गंभीर झाले. "फिर तो पेड़ ही हटवाने पड़ेंगे."

दिवाळीपर्यंत झाडं गेली, टाइल्स बसल्या. सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी फोन पालथा ठेवला.